जिनिंगच्या शेडमधली गादी

२ एप्रिल २०२४, अमळनेर
शेडची किल्ली मिळाली. जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा, हंगाम संपलाय, शेड दिवाळीच्या तोंडापर्यंत रिकामीच. मालकांची अट एकच: आत विडी-काडी नको. वाशांवर अजून कापसाची पांढरी धूळ आहे, काडी पडली तर काय होईल ते सांगायला नको.

प्रकल्प कशाचा ते एकदाच लिहून ठेवतो. तालमीतली सहा पोरं, कराटेच्या वर्गातली सात (त्यात चार मुली). वयं पंधरा ते अठरा. एक गादी, दहा आठवडे, पहाटे सव्वापाच ते सात. त्यानंतर पत्रे तापतात. वीस वर्षं शाळेत खेळ शिकवतोय आणि वीस वर्षं पोरं एकच प्रश्न विचारताहेत: "सर, पैलवान आणि कराटेवाला भिडले तर कोण?" मी कायम हसून टाळत आलो. मी स्वतः पंचविशीपर्यंत मातीत होतो, पुढे नोकरीसाठी शिकताना थोडं जुडो केलं. दोन्हीकडे बेताचाच. तरी टाळण्याइतका अडाणी नव्हतो.

वहीत नावं लिहीत नाही. तालमीतले त१ ते त६, कराटेचे क१ ते क७. आईवडिलांच्या सह्या आल्या. तालमीचे वस्ताद, म्हणजे आप्पा, यांनी सही केली नाही. "पोरं नेतोस तर ने" एवढंच म्हणाले.

५ एप्रिल
गादीचा पहिला प्रयोग फसला. कोपऱ्यात कवडी कापूस पडला होता, तो ताडपत्रीच्या खोळीत भरून शिवून घेतला. फुकट ते पौष्टिक! दोन दिवस पोरांनी लोळून घेतलं आणि आत गाठीच गाठी झाल्या. एका जागी उशी, दुसऱ्या जागी सरळ कोबा. त४ चा कोपरा कोब्यावर आपटला. खोळ उसवून कापूस परत कोपऱ्यात.

१० एप्रिल
काल पाडवा, आज गादी. फोमच्या पट्ट्या आल्या, एक मीटर बाय एक मीटर, चाळीस मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींत दाते अडकवायच्या. छत्तीस पट्ट्या, म्हणजे सहा बाय सहाचा चौक. पैसे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी दिले. बाजूने ढकलल्या की दाते सुटतात आणि फटीत पायाचा अंगठा जातो, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. सुताराला बोलावून चारी बाजूंनी बाभळीच्या फळ्यांची चौकट ठोकून घेतली. आता हलत नाही.

हातमोजे मात्र फसवणूक निघाली. शहरातल्या एका दुकानातून सोळा औंसाचे म्हणून मागवले. काट्यावर ठेवले तर अकरा. आतलं भरण तिसऱ्या ठोशाला सरकून मनगटाकडे जमतं. परत पाठवतोय.

१५ एप्रिल
पहिली खरी फेरी. नियमांवरून कराटेच्या मॅडम आणि मी, दोघांचं अर्धा तास वाजलं. त्यांच्याकडे ठोसा लागला की एक गुण, अंगावर लाथ दोन, डोक्यावर लाथ तीन. आमच्याकडे खाली आणलं की दोन, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. दोन्ही मोजपट्ट्या एकत्र लावल्या तर काही मोजताच येईना. शेवटी गुणच काढून टाकले. चाळीस सेकंद, डोक्यावर मार नाही, उचलून आपटणं नाही. शिट्टी वाजली की कोण कुठे आहे एवढंच लिहायचं.

बारा फेऱ्या झाल्या. नऊ वेळा शिट्टी वाजली तेव्हा पैलवानाची मिठी कमरेला होती. पोरांनी शड्डू ठोकले. पण वहीत दुसरा रकाना आहे: मिठी बसण्याआधी स्वच्छ ठोसा लागला का? नऊपैकी सात वेळा लागला होता. मॅडम म्हणाल्या, "आमच्या पंचानं इथंच थांबवलं असतं." मी म्हणालो, "आमच्या पंचानं अजून सुरूच केलं नसतं."

घरी येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. मातीतली कुस्ती सलामीनं सुरू होते. हातात हात, मग मान आणि मनगट, मग खडाखडी, म्हणजे हातांची ओढाताण. म्हणजे अंतर आधीच मिटलेलं असतं. मधली मोकळी जागा ओलांडायला आमचं पोरगं कधी शिकतच नाही. कराटेत दोघं एकमेकांना बिलगले की पंच 'यामे' (थांबा) म्हणून सोडवतो. बिलगल्यावर काय करायचं हे तिकडचं पोरगं कधी शिकत नाही. एकाची शिट्टी जिथे वाजते तिथून दुसऱ्याचा खेळ सुरू होतो. मधे उरतं ते दीड पाऊल, आणि ते कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही.

१८ एप्रिल
दीड पावलावर काम. त३ पट काढायला (समोरच्याचे पाय धरून पाडायला) जातो तेव्हा डोकं खाली घालतो, नजर मातीत. तालमीत चालून जातं, समोरच्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. इथे क२ नं नुसता गुडघा वर उचलला (लावला नाही, दाखवला) आणि त३ चं नाक त्याच्यापासून चार बोटांवर येऊन थांबलं. पोरगं पांढरं पडलं. त्यानंतर डोकं वर, कपाळ समोरच्याच्या कुशीला, नजर छताला, असं पन्नास वेळा करून घेतलं. कोणी सांगून जे शिकलं नसतं ते त्या चार बोटांनी शिकवलं.

कराटेवाल्यांना उलटं काम. पट आला की पाय मागे फेकायचे आणि छातीचं सगळं वजन त्याच्या पाठीवर सोडायचं. क१ दर वेळी मागे पळतो. सरळ मागे पळणाऱ्याला पैलवान पळू देत नाही.

२३ एप्रिल, हनुमान जयंती
वर्ग नाही. कराटेच्या पोरांना तालमीत नेलं. आप्पा सकाळपासून हौदा उकरत होते. लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू. क५ नं मूठभर माती नाकाशी नेली आणि म्हणाली, "लोणच्यासारखा वास येतो." आप्पा हसले. हा आजचा मोठा विक्रम.

भिंतीवर मारुतीच्या शेजारी विजय चौधरींचा फोटो. २०१४, २०१५, २०१६ असे लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी, आपल्या चाळीसगाव तालुक्याचे. दुसऱ्या बाजूला खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२. मुलींना मात्र हौद्यात उतरू दिलं नाही, काठावरून बघा म्हणाले. साक्षी मलिकनं रिओत कांस्य जिंकलं त्याला आठ वर्षं झाली. वाद घातला नाही, सणाचा दिवस होता. पण लिहून ठेवतो, मला ते पटलं नाही.

मातीत क२ ला त३ शी खेळवलं. माती पाय धरून ठेवते, क२ ची लाथ उठायच्या आत संपली. गादीवर जो चपळ वाटतो तो मातीत दोन मिनिटांत धापा टाकतो.

२९ एप्रिल
आज भांडण झालं.

गेले काही दिवस एक गोष्ट खुपत होती. पैलवान पडायला लागला की तो पाठ वाचवायला पोटावर वळतो. हे हाडांत भिनलेलं आहे. पाठ लागली की चितपट, कुस्ती गेली, गाव बघतंय. पण मार चालत असलेल्या खेळात पोटावर वळणं म्हणजे पाठ आणि मान दुसऱ्याच्या हवाली करणं. क३ त्या स्थितीत त१ च्या पाठीवर बसला आणि मोज्यानं बरगड्यांवर हळूहळू थापा मारत राहिला. त१ ला काय करावं सुचेना. तो तालुक्यात कोणाला हार जात नाही.

म्हणून आज पाठीवर पडून लढायला शिकवलं. पाठ गादीवर, गुडघे छातीशी, तळपाय समोरच्याच्या कमरेवर, हात त्याच्या मनगटांवर. तेवढ्यात आप्पा दारात उभे. पहिल्यांदाच आले होते, आणि यायला हाच दिवस सापडला.

"पाठ लाईसन लढनं? हाई कुस्ती शे का?"

मी १९७६ ची गोष्ट सांगितली. २६ जूनला तोक्योत मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी समोरासमोर आले. नियम असे बांधलेले की इनोकीला फार काही करता येईना. तो गादीवर निजला आणि पंधरा फेऱ्यांचा बहुतेक वेळ निजूनच अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. सामना बरोबरीत सुटला. अलीनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठोसे मारले, आणि पाय मात्र इतके सुजले की पुढे दवाखान्यात जावं लागलं.

आप्पांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे एक निजलेला, दुसरा उभा, अन् लोकं तिकिटं काढून पाहत होते?"

"हो."

"मग त्याले कुस्ती म्हणू नको, भो." आणि गेले. त१ आणि त६ उद्या येणार नाहीत असा निरोप संध्याकाळी आला.

३ मे
चार पैलवान, सात कराटे. पडायला शिकवतोय. जुडोत त्याला उकेमी म्हणतात: हनुवटी छातीला, पाठ गोल, पडता पडता हातानं गादीवर थाप. दोन्हीकडच्या पोरांना ते येत नव्हतं, पैलवानांनाही नाही, कारण त्यांचं पडणं म्हणजे वळणं. खरं सांगायचं तर या दहा आठवड्यांतलं हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. भांडणात पडणारे थोडे, मोटारसायकलवरून पडणारे पुष्कळ.

मॅडमनी आज विचारलं, सुरुवातीला पैलवान का जिंकत होते? वजन म्हणाल तर जोड्या वजनानंच लावल्या होत्या. माझं उत्तर जुडोवरून सुचलं. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये जुडो उभं केलं तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जीवघेणे प्रकार मोकळ्या सरावातून बाजूला काढले. जे उरलं ते रोज, पूर्ण ताकदीनं, खऱ्या विरोधाविरुद्ध करता येऊ लागलं. तालमीत तेच चालतं. त३ नं ढाक (पाडायचा एक डाव) हजारदा लावली असेल, आणि हजारही वेळा समोरचा ती होऊ नये म्हणून जीव तोडून झटत होता. क२ चा ठोसा सुंदर आहे, पण तो दर वेळी शर्टापासून बोटभर आधी थांबलाय. त्याचाही दोष नाही. रोज पूर्ण जोरानं ठोसे खाऊन कोणी शाळेत जाऊ शकत नाही. पकड सोडता येते. लागलेला ठोसा परत घेता येत नाही.

७ मे
क४ नं विचारलं, "सर, रस्त्यावर कोणी आम्हाला समोर उभं राहून ठोसा थोडीच मारतो? हात धरतो. ओढणी धरतो. मग आम्ही तीन वर्षं ठोसेच का शिकतोय?"

मॅडम आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

आज पूर्ण वेळ मनगटावर. चार मुली आणि मॅडम आपसांत, मी बाजूला उभा. धरणाऱ्याची चार बोटं एकीकडे आणि अंगठा एकटा. सुटायचं ते अंगठ्याच्या बाजूनं. नुसतं ओढलं तर सुटत नाही. आधी अर्धं पाऊल त्याच्याकडे जायचं, कोपर आपल्या पोटाशी आणायचं, मग फिरवायचं. क४ चं पाचव्यांदा सुटलं आणि सुटल्या सुटल्या तिचा दुसरा हात आपोआप ठोशाला गेला. तीन वर्षं वाया गेली नव्हती, फक्त त्यांच्या आधीचं अर्धं पाऊल शिकवायचं राहिलं होतं.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)
हजेरी पाच. उरलेले झोक्यांवर नाहीतर पत्त्यांच्या डावाला. सासरहून आलेल्या बहिणी घरी, पुरणाचे मांडे खापरावर, कोण येतंय पहाटे सव्वापाचला! बंद केलं आणि घरी गेलो.

१४ मे
१२ आणि १३ मतदानाच्या कामावर होतो, वर्ग मॅडमनी घेतला. आल्या आल्या बातमी: त२ च्या मानेवर, क३ च्या हातावर आणि क६ च्या पोटरीवर गोल लाल चट्टे. गजकर्ण. अंगाला अंग लागणाऱ्या खेळात हे येतंच, पण चूक माझी. गादी रोज पुसायची म्हणून स्वतःच नियम केला आणि सणाच्या गडबडीत चार दिवस पुसली नाही. तिघांना डॉक्टरकडे पाठवलं, बाकीच्यांना दहा दिवस सुटी. छत्तीस पट्ट्या सुट्या करून ब्लिचिंगच्या पाण्यानं धुतल्या आणि उन्हात मांडल्या. पारा चव्वेचाळीसच्या वर, अर्ध्या तासात खडखडीत. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.

२५ मे
पुन्हा सुरू. नखं तपासली, टॉवेल आपापला.

बदलून आलेले मोजे पोचले. काट्यावर सोळा भरले. मोजा कशासाठी असतो हे सांगताना पोरांना माझा उजवा हात दाखवला. मूठ वळली की चार उंचवटे दिसायला हवेत. माझे तीनच दिसतात. बाविसाव्या वर्षी एका यात्रेत कुस्त्यांच्या दंगलीनंतर इनामावरून मारामारी झाली. मी एकाच्या डोक्यावर ठोसा हाणला. त्याला टेंगूळ आलं. माझं करंगळीच्या मुळाचं हाड मोडलं आणि सव्वा महिना हात प्लास्टरमध्ये. कवटी मुठीपेक्षा कठीण असते. मोजा आधी मारणाऱ्याचा हात वाचवतो, मग थोडंफार दुसऱ्याचं डोकं. हात वाचतो म्हणून डोक्यावर जास्त ठोसे बसतात, हा त्यातला तोटा. आपल्याकडे डोक्यावर मार नाही तो याचसाठी.

यावरून १२ नोव्हेंबर १९९३ चं डेन्व्हर आठवलं. यूएफसीचा, म्हणजे वेगवेगळ्या लढाऊ खेळांतले लोक एकमेकांशी भिडवणाऱ्या अमेरिकी स्पर्धेचा, पहिला कार्यक्रम. आर्ट जिमरसन नावाचा मुष्टियोद्धा एकाच हातात मोजा घालून उतरला. समोर अंगानं सडपातळ रॉइस ग्रेसी, ब्राझिलियन जुजुत्सूवाला, म्हणजे पकडीचा माणूस. ग्रेसीनं त्याला खाली नेलं, वर बसला, आणि जिमरसननं हार मानली. त्या रात्री ग्रेसीच जिंकला. पकडणाऱ्यांनी त्यावर पुढे खूप दिवस मिशा पिळल्या. चारच वर्षांनी, १९९७ मध्ये, मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरनं मार्क कोलमन या कुस्तीगिराला हरवलं. स्मिथ काही कोलमनपेक्षा मोठा पैलवान झाला नव्हता. तो खाली पडल्यावर टिकायला आणि परत उभं राहायला शिकला होता, एवढंच.

क२ नं एवढंच उचललं. "म्हणजे मला त्यांना पाडायचं नाही. मला फक्त उठायचंय."

१ जून
१५ एप्रिलच्याच नियमांनी पुन्हा बारा फेऱ्या. मिठी बसली पाच वेळा. दोनदा बसून सुटली. बाकी पाच फेऱ्या दोघं त्या दीड पावलाच्या दोन्ही बाजूंना घुटमळत राहिले, बघायला कंटाळवाणं. पोरांना निकाल हवा होता, मला हा कंटाळा आवडला. आता दोघांनाही पलीकडे काय आहे ते माहीत आहे, म्हणून कोणी आंधळेपणानं उडी घेत नाही.

एक गंमत. त५ खडाखडीत शिरल्यावर त्याच्या हाताचा रद्दा (कोपर ते मनगटाच्या हाडाचा फटका) क१ च्या मानेवर बसला. मॅडमनी शिट्टी मारली, "हा मार आहे!" त५ बावरून म्हणाला, "नाही मॅडम, ही कुस्ती आहे." दोघंही बरोबर. आपण कुस्तीला निव्वळ पकड म्हणतो, पण मानेवर थाप, रद्दा हे सगळं तिच्यात पहिल्यापासून आहे. कंसाच्या आखाड्यात चाणूराच्या जोडीला जो मल्ल उभा होता त्याचं नावच मुष्टिक.

६ जून
त१ आणि त६ परत आले. न विचारता. मीही विचारलं नाही.

११ जून
काल रात्री पहिला पाऊस. पत्र्यावर असा आवाज की शिट्टी ऐकू येईना. हात वर करून फेऱ्या थांबवल्या. कोपऱ्यात दोन जागी गळतंय. शेड रविवारी परत द्यायची आहे.

१६ जून, शेवटचा दिवस
आप्पा आले. चपला बाहेर काढून आत, चौकटीच्या फळीपाशी उभे राहिले. गादीवर पाय ठेवला नाही.

त३ आणि क२ ची फेरी. क२ नं आधी दोन ठोसे पोटावर मोजून लावले. तिसऱ्याला त३ डोकं वर ठेवून आत शिरला, पण गादीवर घामाचं ओलं होतं, पाय सरकला आणि तो खाली गेला. वळला नाही. सरळ पाठीवर पडला, हनुवटी छातीला, हाताची थाप, आणि क२ अंगावर यायच्या आत दोन्ही तळपाय त्याच्या कमरेवर. क२ पुढे रेटत होता, त३ चे पाय त्याला लांब धरून होते. मग त३ नं एक हात मागे टेकला, कंबर उचलली, एक पाय पोटाखालून मागे ओढून घेतला आणि उभा राहिला. पाच सेकंद लागले असतील. पाठ पूर्ण लागली होती. तालमीत तेव्हाच क२ साठी टाळ्या पडल्या असत्या.

मी आप्पांकडे बघायचं टाळलं. शिट्टी वाजली. पोरं पाण्याकडे गेली.

आप्पा त३ जवळ गेले, फळीच्या अलीकडूनच. "तू उठना कसा, ते परत दखाड. हळू."

त३ परत निजला. आप्पा वाकून त्याचा मागे टेकलेला हात बघत होते. मग फळी ओलांडून आत आले, गुडघ्यावर बसले आणि त्याचं मनगट थोडं बाहेर वळवून दिलं.

पट्ट्या मोजल्या: छत्तीस, त्यातल्या दोन फाटलेल्या. चौकटीच्या फळ्या तालमीत ठेवायला आप्पांनी होकार दिला. किल्ली संध्याकाळी मालकांकडे पोचवली.